रिसीव्हरमागचा जोड

बाबा, आज सकाळी हंगामाच्या पूजेचा नारळ फुटला, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, आणि तरीही मी मशीन चालू होऊ दिलं नाही. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. तुम्ही काम केलंत त्याच बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात बसले आहे. तुमच्या डब्याची पिशवी जिथे असायची ती खुंटी अजून आहे, तिच्यावर आता माझं हेल्मेट आहे. मुख्य स्विचच्या पेटीला मी कुलूप घातलंय, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि बाहेर सगळे माझ्यावर दात खाऊन उभे आहेत. परवा पावसाळ्याची मासेमारीबंदी उठते. जेटीला ट्रॉलर डिझेल भरून तयार आहेत, आणि बर्फाशिवाय कुणी खोल पाण्यात जात नाही. लादी गोठायला दीड दिवस लागतो हे तुम्हाला मी काय सांगणार. मालकांनी चार वाजेपर्यंतची मुदत दिली आहे. चारला ते कुलूप तोडणार, मशीन चालू करणार आणि उद्यापासून दुसरा माणूस बघणार. हा कारखाना हातातून गेला की विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंतचे मी देखभाल करते ते बाकीचे चारही जातील, कारण या धंद्यात सगळे आपल्या मालकांकडे बघून माणूस ठेवतात. सहा वर्षांत जे काय उभं केलं ते दोन तासांत आडवं होईल. गोव्याला पाइपाच्या जोडात बसवायचं पॅकिंग आणायला मोटारसायकलवर माणूस पाठवलाय. तो बांद्याच्या पुढे आला का, हे विचारायला सारखा फोन करते तर फोन लागत नाही. तोवर काहीतरी लिहीत बसावं म्हटलं, तर तुम्हीच आठवलात.

तुम्ही सातवी पास, आणि तुमचा हुद्दा ऑपरेटर. पण बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया गॅसच्या पाइपांचे सातही जोड तुम्ही कसे तपासायचात ते मी इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुठल्या प्रयोगशाळेत बघितलं नाही. गंधकाची वात पेटवून जोडाजवळ धरायची. गॅस झिरपत असला की निळसर धूर एकदम पांढरा होतो. सहा जोड सरळ उभ्याने बघता येतात. सातवा मात्र रिसीव्हरच्या मागे, म्हणजे गॅस साठवायच्या त्या आडव्या पिंपाच्या पाठीमागे, खाली. तिथे जायचं तर चिऱ्याच्या भिंतीला पाठ घासत आडवं सरकावं लागतं, आणि पावसाळाभर त्या भिंतीवर शेवाळ माजलेलं असतं. बाहेर येणाऱ्याच्या पाठीवर हिरवा-तांबडा पट्टा उमटल्याशिवाय राहत नाही. म्हणून तुम्ही कुणाला "बघितलंस का?" असं विचारायचाच नाहीत. दहावीच्या सुट्टीत मी तुमच्यामागे लुडबुडत असताना एकदा ऐटीत म्हणाले होते, "सगळे बघलंय, बाबा." तुम्ही पान्याने कंप्रेसरवर टकटक करत होता. मान वर न करता म्हणालात, "बघलंय म्हणान तोंडान सांगा नको. पाठ दाखय." मी फिरले. पाठ कोरी. चार कामगारांसमोर तुम्ही मला असं झाडलंत की रडूही आलं नाही. "तोंड खोटा बोलात गो, पाठ खोटा बोलाची नाय." त्यानंतर मी मुकाट्याने आत सरकले. घरी आईने ते डाग बघून कपाळाला हात लावला, "आता बापाशीच्या जोडीक चेडवाचे कपडे पण मीच घासू?"

बारावीनंतर मेकॅनिकल घेते म्हटलं त्या दिवशीचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही पेज जेवत होता, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. आत्या आली होती. तिच्या मते मुलींनी कॉम्प्युटर घ्यावा, हातपाय स्वच्छ राहतात आणि स्थळही बरं येतं. आई तिच्या बाजूची. तुम्ही पेज संपवलीत, हात धुतलेत, आणि पंच्याला पुसत म्हणालात, "करूंदे तेका. पण हात काळे झाले म्हणान माझ्याकडे रडत येवचा नाय." आत्या बघत राहिली. मला मात्र पुढचं माहीत होतं, कारण आदल्या दिवशी तुम्ही शेजाऱ्याला सांगत होता की माझी पोर मशीन चालवणार नाही, मशीन काढणार, कागदावर, थंड खोलीत बसून. तुम्हाला माझे हात काळे व्हायला नकोच होते. तुम्ही तसं मला कधी म्हणाला नाहीत एवढंच.

शेवटच्या वर्षी कोल्हापूरला माझ्या कॉलेजात कंपन्या येणार होत्या. पुण्याची गाड्यांची कंपनी होती, तिची मुलाखत नेमकी आपल्या कारखान्याच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी आली. तुम्ही कुडाळला जाऊन माझ्यासाठी पांढरा शर्ट आणि काळी पँट घेऊन आलात. आयुष्यात तुम्ही माझ्यासाठी एकट्याने जाऊन आणलेले ते पहिले आणि शेवटचे कपडे. बाही दोन बोटं लांब होती, ती आईने आत दुमडून शिवली. कोल्हापूरची एसटी साडेनऊची. सकाळी मी तेच कपडे घालून पूजेला आले, कारण देवाच्या पाया पडून थेट स्टँडवर जायचं होतं. तुम्ही नैवेद्याच्या गडबडीत होता. गंधकाची वात माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्या हातान तपासणी झाली काय माका बरा वाटता." मी सहा जोड बघितले. सातव्यापाशी गेले, भिंतीकडे बघितलं, अंगावरच्या शर्टाकडे बघितलं. मागच्या वर्षी तो जोड ठणठणीत होता. वात विझवली, बाहेर आले आणि म्हटलं, "सगळे बघलंय."

मग गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, आज नव्या हंगामाक मशीन चालू होता हा. हंय घाम गाळणाऱ्या कोणाच्या जीवाक धोको येवक देव नको रे म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता. मशीन चालू झालं तेव्हा मी स्टँडवर होते. प्रेशर चढलं, सातव्या जोडाचं पॅकिंग फुटलं. सगळे बाहेर पळाले आणि तुम्ही ओला पंचा तोंडाला बांधून व्हॉल्व्ह बंद करायला आत गेलात. माझी एसटी वैभववाडी सोडून घाटाला लागली असेल तेव्हा तुमचा डावा डोळा जळत होता. मुलाखत होईपर्यंत मला कळवायचं नाही असं तुम्ही दवाखान्यातून सांगितलंत म्हणे. मला नोकरी मिळाली, पेढे घेऊन फोन केला, तेव्हा आईने सांगितलं. मालकांनी तुम्हाला विचारलं, सातवा जोड कोणी बघितला होता? तुम्ही म्हणालात, "मीच बघूक इसारलंय." रजिस्टरात तसं लिहून सही केलीत. पंचवीस वर्षांत एक चूक नाही असा माणूस, त्याला मालकांनी कंप्रेसरवरून काढून, लाद्या बाहेर घसरतात त्या उतारावर त्या मोजून द्यायला बसवलं. तिथे तुम्ही एका डोळ्याने बसून राहिलात, शेवटपर्यंत.

मला तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सुटले असते. सुट्टीला आले की मी तुमच्या उजव्या बाजूला बसायचे, म्हणजे तो डोळा दिसत नाही. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "पुण्याक मोठ्या कंपनीत आसा. गाडयेचा डिझाइन करता." गाडीचं कसलं, बाबा. सात वर्षं मी गाडीच्या मागच्या दाराची बिजागरी केली. एकच बिजागरी. कधी दोन ग्रॅम हलकी, कधी अर्धा मिलिमीटर जाड. काम वाईट नव्हतं. माझ्या बाजूला बसणारी मुलगी तेच काम इतकं जीव लावून करायची की मला तिचा हेवा वाटे. मला मात्र संध्याकाळी घरी जाताना आज काय केलं ते आठवायचं नाही. पदवीने पोट भरत होतं आणि जीव रमत नव्हता. पण ते कुणाला सांगायची चोरी होती. तुमचा डोळा देऊन मिळालेली नोकरी आवडत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?

तुम्ही गेलात, तेराव्यापर्यंत घरी होते, तेव्हा कारखान्याचा कंप्रेसर बंद पडला. फिटर रत्नागिरीहून यायचा होता, लाद्यांचे डबे ज्यात बुडवतात ते टाकीतलं मिठाचं पाणी गरम होत चाललं होतं. मालक दारात येऊन चाचरत म्हणाले, तू जरा बघतेस का? मी आईची जुनी साडी गुंडाळूनच गेले. व्हॉल्व्हची पट्टी तुटली होती, एवढंच. पण आधीच अर्धा गोठलेला डबा दुसऱ्या दिवशी सकाळी उपडा केला आणि तुळतुळीत लादी खळकन बाहेर आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर हसले, सुतकातल्या बाईने हसू नये तशी. काल केलेलं काम आज हाताला गार लागत होतं. महिनाभरात राजीनामा दिला. आत्या म्हणाली, शिकून शहाणी झाली आणि बापाच्या जागेवर येऊन बसली. बरोबरच होतं तिचं. पाच कारखान्यांचं काम बघते आता. प्रेशर बघते, माणसांना शिकवते, जुन्या यंत्रांची वीज वाचवते. पुण्यात शिकलेलं फुकट नाही गेलं. त्या बिजागरीने मला अर्ध्या मिलिमीटरची किंमत शिकवली. या कामावर माझं प्रेम आहे, बाबा. तेच आज जायला निघालंय.

सकाळी काय झालं ते सांगते. आत्ताचा ऑपरेटर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, भला माणूस, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. पूजा म्हणून नवा पांढरा सदरा घालून आला होता. मी ऑफिसात प्रेशरची नोंद करत होते तेव्हा तो वात घेऊन फिरून आला. "सगळे जोड बघलंय, मॅडम." मी मान हलवली. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं, नारळ फुटला, आणि तो कंप्रेसरला नमस्कार करायला वाकला. त्याची पाठ माझ्यासमोर आली. पांढरी स्वच्छ. पुढे होऊन स्विचच्या पेटीला कुलूप घातलं आणि वात घेऊन स्वतः मागे सरकले. धूर पांढरा झाला. थोडासाच, पण झाला. बाहेर आल्यावर ऑपरेटर म्हणाला, "गेल्या वर्सा बरो होतो तो जोड." त्याला ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या मापाचं पॅकिंग स्टोअरमध्ये नव्हतं. ते मागवून ठेवणं माझं काम, ते राहिलं, ही माझी चूक. आणि मालक म्हणाले, "इतक्याश्या गळतीन काय होता? नारळ फुटलो आता. फुटल्या नारळाचा मशीन थांबयतत खंय?" खरंच, आजवर कुणी थांबवलेलं नाही.

चारला दहा कमी आहेत. मालकांचा आवाज ऐकू येतोय.

आता साडेसहा वाजलेत. हे पुढचं मी त्याच कागदावर लिहितेय.

मालक आत आले आणि शुद्ध मराठीत बोलायला लागले. तुम्हाला ठाऊक आहे, ते मालवणीत शिव्या देतात तोवर काळजी नसते. शुद्ध बोलायला लागले की समजावं. "हे बघा मॅडम, मी तुमचा मान राखला. आता किल्ली द्या. बाहेर बारा ट्रॉलरवाले उभे आहेत. त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, पॅकिंग येतंय, तासाभरात बसवते. ते म्हणाले, "तुमची भीती मला कळते. तुमचे वडील चुकले, जोड तपासायला विसरले आणि डोळा घालवून बसले. म्हणून तुम्ही सावलीला भिता. पण एका माणसाच्या चुकीसाठी मी जन्मभर धंदा बंद ठेवू?" दारात ऑपरेटर उभा होता. त्याच्या मागे चार-पाच ट्रॉलरवाले.

किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की तिचे दात तळव्यात रुतले. एवढं म्हणायची वेळ होती की ठीक आहे, घ्या, तुमची जबाबदारी. कोणी मला नाव ठेवलं नसतं. मी म्हटलं, "बाबा विसरूक नाय होते. तो जोड माझ्याकडे होतो. माका शर्ट मळवचो नाय होतो म्हणान मी गेलंय नाय, आणि बघलंय म्हणान सांगितलंय." आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं. "तेंनी माझा नाव सांगूक नाय. आता माका काढा नायतर ठेवा. किल्ली मी देवची नाय."

मालक बाकावर बसले. मग हळूच, मालवणीत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी तेका उतारार बसयलंय. सात वर्सां." मला वाटलं आता माझ्यावर येतील. ते उठले, ट्रॉलरवाल्यांना घेऊन बाहेर गेले. उद्या ये म्हणाले नाहीत, येऊ नको असंही नाही.

पॅकिंग साडेचारला आलं. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून मधला गॅस पाण्याच्या पिंपात सोडला, जोड उघडला. जुनं पॅकिंग हातात घेतलं तर बिस्किटासारखं मोडलं. ऑपरेटरने ते तुकडे बघितले आणि घाम पुसला. नवीन बसवल्यावर मी वात पेटवली तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. "मी जातंय." सदरा तोच होता. बाहेर आला, माझ्याकडे पाठ केली आणि उभा राहिला. मानेपासून कमरेपर्यंत हिरवा-तांबडा पट्टा. सहा वाजता मशीन चालू झालं. प्रेशर चढेपर्यंत मी रिसीव्हरपाशी उभी होते, ओला पंचा गळ्यात घालून. आता इथे बसून कंप्रेसरचा आवाज ऐकतेय. बरा आहे. पहिला ट्रॉलर अर्धा दिवस उशिरा सुटेल, शिव्या घालेल, पण सुटेल.

एक राहिलं, बाबा. मालकांना सांगितलं त्यात हे नव्हतं, आणि ते मी स्वतःशीही नीट बोललेली नाही. त्या सकाळी पाया पडून मी निघाले तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. "फिर बघया. मागसून इस्त्री मोडली काय बघतंय." मी फिरले. तुम्ही माझी पाठ बघितलीत. कोरी पांढरी पाठ, आणि आत कोण सरकलं, कोण नाही ते एका नजरेत ओळखणारे तुम्ही. शर्टाला हात लावायचा तुम्हाला धीर झाला नाही, हात तेलकट होते. म्हणालात, "बरा दिसता." मी वळून बघितलं तर तुमचे डोळे भरले होते. दोन्ही.

त्या एका क्षणावर मी इतकी वर्षं काढली. तुम्हालाही कळायला हवं होतं, तुम्हीही बघितलंत, म्हणजे अर्धी चूक तुमची, असं म्हणत मी झोपत आले. तुमच्या डाव्या बाजूला न बसायचं खरं कारण तेच. आज ऑपरेटरची पाठ बघितली तेव्हा कळलं, त्या सकाळी तुम्ही ऑपरेटर नव्हताच. नवे कपडे घातलेल्या मुलीचे बाप होता, आणि बाप पाठ बघतो तेव्हा डाग शोधत नाही. ती चूक पूर्ण माझी होती. हा कागद त्या रजिस्टरात, तुमच्या सहीच्या पानात घालून ठेवतेय. शर्ट अजून माझ्या कपाटात आहे, मुलाखतीनंतर मी तो कधीच घातला नाही.